मुलीच्या खोलीची जंगल थीम: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

लेकीच्या खोलीला मागच्या पाडव्याच्या सुमारास जंगल थीम केली. मे महिन्यात कुणी विचारलं असतं तर सगळ्यालाच पाच तारे दिले असते. आता फेब्रुवारीत लिहितेय आणि तारे वेगवेगळे द्यावे लागतायत: रंगाला चार, स्टिकरला एक, आणि रंगकाम केलेल्या कंपनीला एकही नाही.

आमचं घर फुलेवाडीकडं, खोलीची एक भिंत पश्चिमेची. कोल्हापुरात पश्चिमेची भिंत पावसात काय सोसते ते इथल्या लोकांना सांगायला नको. कोटेशन घेतानाच मी हे सांगितलं होतं. लिहून आलं ते असं: दोन हात पुट्टी (भिंत गुळगुळीत करायचा पांढरा लेप), एक हात प्रायमर, दोन हात वॉशेबल इमल्शन (पुसून धुता येणारा पाण्यातला रंग), वर एक वर्षाची वॉरंटी. तीन भिंती फिकट पोपटी, पश्चिमेची गडद हिरवी, आणि हिरव्यावर ऑनलाइन मागवलेले प्राण्यांचे व्हिनाइल स्टिकर.

जुलैत जिराफाच्या मानेपाशी कोपरा सुटला. लेकीनं ओढला तर स्टिकरसोबत तळहाताएवढा रंग सोलून आला. त्या सालीच्या मागच्या बाजूला पिठासारखी पांढरी भुकटी होती, आणि भिंतीवर बोट फिरवलं तर तीच बोटाला लागत होती.

या भुकटीबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण आमचे पैसे तिथंच गेले. पुट्टी घासली की तिच्यावर भुकटी उरते. ती झटकून, पुसून वर प्रायमर मारला की तो पुट्टीत मुरतो, उरलेली भुकटी बांधून धरतो आणि वरच्या रंगाला पकड देतो. प्रायमर गाळला तर रंगाचा पापुद्रा नुसता भुकटीवर बसतो. पहिले काही महिने काहीही कळत नाही, भिंत देखणी दिसते.

कंपनीचा सुपरवायझर आला, फोटो काढले. आधी म्हणाला, स्टिकर लावल्यामुळं वॉरंटी गेली. मग म्हणाला, ओल बाहेरून येते, ती वॉरंटीत बसत नाही. ओल होती, मी नाकारत नाही. पण मी त्याला कपाटामागच्या कोरड्या भिंतीपाशी नेलं. ती पूर्वेची, तिथं ना ओल ना स्टिकर. चिकटपट्टी दाबून लावली आणि झटक्यात ओढली, तर तिथलाही रंग निघाला आणि मागं तीच भुकटी. बिलात प्रायमरची ओळ वेगळी लावलेली आहे, दर लिहिलेला आहे. यावर त्याच्याकडं उत्तर नव्हतं. ‘टच-अप करून देतो’ एवढंच. केलेला टच-अप दोन छटा गडद निघाला आणि भिंतीवर ठिगळ दिसायला लागलं.

तोवर मी रंगालाच शिव्या देत होते. ते मत बदललं. जिथं भिंत टिकली, तिथं हाच रंग उत्तम निघाला. खालच्या तीन फुटांत लेकीनं मेणाचे खडू, चॉकलेट, टिकल्यांचा गोंद सगळं लावलं. मऊ स्पंज आणि सौम्य साबणाच्या पाण्यानं निघालं. एक तारा कापला तो यासाठी, की मॅट फिनिशवर जास्त घासलं तिथं चमक येते आणि बाजूनं बघितलं की दिसते. लहान मुलांच्या खोलीत खालचा पट्टा थोड्या चकाकीच्या फिनिशमध्ये घ्या, वर मॅट चालेल.

स्टिकरबद्दल लेकीची तक्रार माझ्या आधीची होती. जिराफ, झेब्रा, सिंह आहेत, पण गवा कुठाय? तिनं दाजीपूरला गवा बघितलेला. १९५८ पासून गव्यांसाठी राखलेलं जंगल आपल्या जिल्ह्यात आहे, आणि मी शोधलेल्या एकाही जंगल थीमच्या सेटमध्ये गवा नव्हता.

दसऱ्यानंतर ओळखीतून एक म्हातारे बोर्ड पेंटर मिळाले. चित्रकार आणि सिनेदिग्दर्शक बाबूराव पेंटरांच्या या गावात हातानं बोर्ड रंगवणाऱ्यांची पोटं फ्लेक्सनं मारली, त्यातले हे एक. लेक त्यांना पेंटरआजोबा म्हणायची. मी दिवाळीआधी उरकायची घाई करत होते, तर म्हणाले, “ताई, भिंत आधी वाळू दे. जनावर काय पळून जात न्हाई.” बाहेरची चीर भरून वॉटरप्रूफिंग करून घेतलं. आत पोपडे प्लॅस्टरपर्यंत खरवडले आणि भिंत तशीच उघडी ठेवली. मधे प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवायचे. आतल्या बाजूला दव धरलं की अजून थांबा. आतून कोरडा निघाला तेव्हाच पुट्टीला हात लावला. प्रायमर मारला त्या दिवशी मी रजा काढून घरी होते.

त्यांच्याकडं ऑइलपेंटचे जुने डबे होते, ते मात्र मी वापरू दिले नाहीत. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, आत हवं, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. डबे त्याआधीचे असतील तर काय सांगावं, आणि पोरं पोपडे नखानं काढून तोंडात घालतात. नवं पांढरं इमल्शन आणि स्टेनरच्या (पांढऱ्यात मिसळायच्या दाट रंगाच्या) बाटल्या आणून दिल्या, त्यातून त्यांनी सगळे रंग कालवले.

खडूनं आखून त्यांनी भिंतभर गवा काढला, गुडघ्याखाली पांढरे पाय, शिंगांच्या मधे फिकट कपाळ. वर फांदीवर झुपकेदार शेपटीचं शेकरू. लेक रोज शाळेतून आली की आधी खोलीत पळायची, आज कुठला पाय झाला ते बघायला. मजुरी साडेचार हजार घेतली. मी पाच दिले, आणि तेही मला कमीच वाटतात.

गडद हिरव्याचा उरलेला डबा झाकणावर शेड नंबर लिहून ठेवलाय, पुढं ठिगळ नको म्हणून. या भिंतीनं अजून पाऊस बघितलेला नाही, त्यामुळं वॉटरप्रूफिंगला आत्ताच तारे देत नाही. पूर्वेच्या भिंतीचं प्रायमरविना राहिलेलं काम मे महिन्यात पेंटरआजोबाच करणार आहेत. कंपनीकडून प्रायमरचे पैसे परत आलेले नाहीत. वॉरंटी पाडव्यापर्यंत आहे, आणि तोवर मी दर आठवड्याला फोन करणार आहे.