३८ की १२० किलोहर्ट्झ? खुल्या समुद्रातले जीव टिपायला कोणता इको साउंडर घ्यावा

इको साउंडर म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून परतलेल्या प्रतिध्वनीवरून मासे टिपणारं यंत्र. संशोधनासाठी एकाचेच पैसे असतील, तर ३८ किलोहर्ट्झचा घ्या. १२० वरचं चित्र अधिक रेखीव येतं, तरीही.

खाऱ्या पाण्यात ३८ चा ध्वनी किलोमीटरमागे साधारण १० डेसिबलने विरतो, १२० चा ४० च्या आसपास. ५०० मीटरवरच्या माशापर्यंत जाऊन परत येणं म्हणजे किलोमीटरभर प्रवास. तेवढ्यात नुसत्या शोषणाने पहिल्याचा दहावा हिस्सा उरतो, दुसऱ्याचा दहाहजारावा. त्यामुळे १२० ची मजल दोन-तीनशे मीटरलाच संपते. ३८ चा ध्वनी मात्र एक हजार मीटरपर्यंतही पोचतो. अरबी समुद्रातले लँटर्नफिश (खोल पाण्यातले छोटे मासे) दिवसा प्राणवायू अत्यल्प असलेल्या खोल थरात दडतात आणि रात्री वर येतात. फक्त १२० असेल, तर दिवसाची पाहणी जवळजवळ वाया जाईल.

क्रिलच्या (कोळंबीसारख्या छोट्या जिवांच्या) बाबतीत मात्र १२० च हवा. ३८ ची तरंगलांबी सुमारे ४ सेंटीमीटर, १२० ची सव्वा. क्रिल अंगाने बारीक, शिवाय त्याच्यात वायूची पिशवी नाही. लांब तरंगांना तो फारसा अडतच नाही. अंटार्क्टिकात १२० चा प्रतिध्वनी ३८ पेक्षा किती जोरकस आहे, यावरून क्रिल ओळखतात. म्हणजे तिथेही ३८ जोडीला लागतोच.

३८ घेणाऱ्याने सगळ्यात जास्त सांभाळायचं ते वायूला. वाताशय (अंगातली वायूची पिशवी) असलेला बोटभर मासा आकाराच्या मानाने प्रचंड प्रतिध्वनी देतो, आणि ठरावीक खोलीवर अनुनादामुळे तो आणखी वाढतो. सायफोनोफोर हा जेलीफिशचा नातलग, पण काहींच्या टोकाशी वायूचा बारीक फुगा असतो. पडद्यावर तोही मासाच वाटतो. उलट काही लँटर्नफिशच्या वाताशयात मोठेपणी वायूच्या जागी चरबी येते, आणि ते असूनही नीट उमटत नाहीत. मालास्पिना या समुद्र-संशोधन मोहिमेतल्या ३८ किलोहर्ट्झच्या नोंदींवरून २०१४ मध्ये जगातल्या मध्यखोल (साधारण २०० ते १,००० मीटरवरच्या) माशांचं एकूण वजन सुमारे १,००० कोटी टन मांडलं गेलं. जाळ्यांवरून आधी धरलेला आकडा होता १०० कोटी. मासे जाळं चुकवतात हे खरंच. पण प्रतिध्वनीतला सायफोनोफोरचा वाटा किती धरायचा, यावरही हा आकडा खूप हलतो.

म्हणून ३८ सोबत ट्रॉल जाळ्यासाठी (जहाजामागे ओढायच्या जाळ्यासाठी) जहाजाचा वेळ राखून ठेवा. पुढे पैसे मिळाले, की १२० जोडा. अभ्यास वरच्या दोनशे मीटरातल्या क्रिलपुरताच असेल आणि नमुने जाळ्याने मिळणार असतील, तरच आधी १२० घ्या.