बुगीपॉप: सहा महिने आणि सोळा पानं

जूनमध्ये घेतलेल्या पुस्तकाबद्दल डिसेंबरात लिहितेय, कारण मागच्या आठवड्यापर्यंत मी ते पूर्ण वाचलेलंच नव्हतं. वाचलंय असं धरून चालले होते, तेही दोनदा. माझ्या प्रतीत मधला एक अख्खा फर्मा, म्हणजे एकत्र छापून बांधलेला पानांचा गठ्ठा, नाही. ११२ नंतर थेट १२९. सोळा पानं गायब. हे मला पाच महिने कळलं नाही, आणि का कळलं नाही ते सांगितल्याशिवाय या पुस्तकाबद्दल खरं काही सांगता येणार नाही.

पुस्तक म्हणजे जपानी लेखक कोउहेइ कादोनो यांच्या ‘बुगीपॉप’ मालिकेतल्या पहिल्या तीन कादंबऱ्यांची एकत्र बांधलेली इंग्रजी आवृत्ती. १,६४९ रुपये. मी महिन्याला पुस्तकांसाठी पाचशे रुपये बाजूला काढते, म्हणजे जून, जुलै, ऑगस्ट असे तीन महिने याच एका पुस्तकात गेले. त्या काळात दुसरं काहीही घेतलं नाही. तेव्हा चीड कुठून येते ते समजून घ्या.

२०१९ची अठरा भागांची ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका, ज्यांनी पाहिलीय त्यांना कथा ठाऊक आहेच. बाकीच्यांसाठी थोडक्यात: शिन्यो अकादमी नावाच्या शाळेतल्या मुली एकेक करून गायब होताहेत. पळून गेल्या असतील असं मोठी माणसं म्हणतात. खरं म्हणजे मॅन्टिकोर नावाचं एक माणसासारखं दिसणारं, माणसं खाणारं काहीतरी शाळेत वावरतंय. शाळेतली सगळ्यात हुशार मुलगी, युरिहारा मिनाको, हिचं रूप त्याने घेतलंय आणि मुलींना अमली द्रव्य देऊन आपल्या अंमलाखाली आणायचं काम चालू आहे. दुसरीकडे मियाशिता तोउका या साध्या मुलीच्या आत बुगीपॉप आहे. जगावर संकट आलं की तो आपोआप वर येतो आणि काम झालं की बुडबुड्यासारखा विरून जातो. तोउकाला याचा पत्ताही नसतो.

कादंबरी जपानमध्ये फेब्रुवारी १९९८ मध्ये देंगेकी बुन्को मालिकेत आली. त्याआधी हस्तलिखिताला देंगेकीच्या स्पर्धेत पहिलं पारितोषिक मिळालं होतं. कोउजी ओगाता यांची चित्रं आहेत. रंगीत पानं माझ्याही प्रतीत आहेत, ती नीट आली.

आता रचना. तीच गोष्ट पाच प्रकरणांत पाच बाजूंनी येते, आणि कुणालाच ती सगळी माहीत नाही. पहिलं प्रकरण तोउकाच्या मित्राचं, ताकेदा केइजीचं. शाळा सुटल्यावर तो गच्चीवर जातो आणि बुगीपॉपशी बोलत बसतो. वर्गातले सगळे प्रवेश परीक्षेच्या मागे लागलेत आणि ताकेदा परीक्षेला बसणार नाही, थेट नोकरी करणार आहे. त्यामुळे त्याला बोलायला माणूसच उरलेलं नाही. समोरचा काळी टोपी आणि झगा घातलेला, आपल्याच मैत्रिणीच्या चेहऱ्याचा कुणी अनोळखी, आणि तोच त्याचं नीट ऐकून घेतो. मग एक दिवस बुगीपॉप सांगतो की संकट टळलं, आता मी जातो. ताकेदाने संकट पाहिलेलंच नसतं. त्याला काही दिसलं नाही, आपल्यालाही नाही. लढाई कुणाशी झाली, कुठे झाली, कोण मेलं, हे चार प्रकरणांनंतर कळतं.

ही पानं मी जुलैत वाचली आणि पुस्तक खाली ठेवून बराच वेळ खिडकीत बसले. गच्चीवरच्या त्या गप्पांसाठी मी १,६४९ रुपये पुन्हा देईन.

नावांचा त्रास मात्र होतो. किरिमा नागी, कामिकिशिरो नाओको, किमुरा आकिओ, नीतोकी केइ ही सगळी मंडळी प्रकरणाप्रकरणांतून ये-जा करतात, कधी आडनावाने, कधी नावाने. पाठकोऱ्या कागदावर यादी करून पुस्तकात ठेवा. मी तशी ठेवली तेव्हा दुसरं प्रकरण नीट लागलं.

तिसरं प्रकरण साओतोमे मासामीचं. हा मुलगा मॅन्टिकोरच्या बरोबर असतो, तिच्यासाठी मुली हेरतो, योजना आखतो. माझ्या प्रतीत ११२वं पान पूर्णविरामावर संपतं आणि १२९वं नव्या परिच्छेदाने सुरू होतं. मध्ये काहीतरी घडून गेलंय हे जाणवलं होतं. पण पहिल्या प्रकरणात लेखकाने अख्खी लढाई गाळली होती, म्हणून इथेही त्याने मुद्दाम झाकून ठेवलंय असं मी धरलं. पुढे कुठेतरी उलगडेल म्हणून वाचत गेले. उलगडलं नाही, तेव्हा मीच जोडून घेतलं: साओतोमेलाही त्या मुलींसारखंच द्रव्य दिलं असणार. तोही ताब्यात गेलेलाच, बिचारा.

हे मी आमच्या वाचनगटात ठासून सांगितलं. सगळी मुलं बळी आहेत, गुन्हेगार फक्त ते एक श्वापद आहे. सप्टेंबरमध्ये दुसऱ्यांदा वाचलं तेव्हाही माझं मत तेच राहिलं.

नोव्हेंबरात दिवाळीला भाची आली. तिने ॲनिमे पाहिलेली. पुस्तक चाळता चाळता म्हणाली, “मावशी, साओतोमे आणि मॅन्टिकोर पहिल्यांदा भेटतात तो भाग कुठाय?” मी म्हटलं, पुस्तकात तो नाहीये, लेखकाने गाळलाय. तिने पान उलटलं, आकडा पाहिला आणि पुस्तक माझ्यापुढे धरलं.

दुकानाबद्दल फार लिहीत नाही, नाव तर नाहीच. एवढंच की बदलून घ्यायची मुदत दहा दिवसांची होती. मी चार मेल लिहिल्या, पानांच्या आकड्यांचे फोटो जोडले. प्रत्येक उत्तरात तोच प्रश्न: पार्सल मिळाल्यावर तपासलं होतं का? बाहेरचं वेष्टन तपासलं होतं, कोपरे तपासले होते. साडेसहाशेच्या आसपास पानांचं पुस्तक पान मोजून घ्यावं लागतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी दीडशे रुपयांचं कूपन देऊ केलं, पुढच्या खरेदीवर वापरायचं. मी नाही घेतलं. हरवलेल्या सोळा पानांची भरपाई म्हणून त्याच दुकानात आणखी पैसे घालायचे, हे मला मान्य नाही.

जे हे पुस्तक घेणार आहेत त्यांनी एवढं करा. हातात आल्याबरोबर आकडे सोळा-सोळाने पाहा. १६ नंतर १७ आहे का, ३२ नंतर ३३, ४८ नंतर ४९. पाच मिनिटं लागतात. फर्मा सुटला असेल तर तिथेच कळेल. इतर कुठल्या कादंबरीत गाळलेलं पान पुढच्या वाक्यालाच सापडतं. या कादंबरीत सापडत नाही, हा तिचा गुण आहे आणि माझं नुकसान त्यातूनच झालं.

भाचीच्या पुण्याच्या मैत्रिणीकडे हीच आवृत्ती निघाली. तिने त्या सोळा पानांच्या पाठपोट झेरॉक्स काढून पाठवल्या. मागच्या रविवारी ती आठ पानं घेऊन बसले.

आणि साओतोमेला काहीही दिलेलं नाही.

तो तिला पाहतो, ती काय आहे हे त्याला कळतं आणि तो घाबरत नाही. पळून जायचं सोडून तिला मदत देऊ करतो. तिने कसं लपावं, कुणाचं रूप घ्यावं, पुढे काय करावं, हे सगळं त्याच्या डोक्यातून निघतं. ज्याच्या हातून आपण मरू शकतो अशाच कुणाकडे या मुलाचं मन ओढलं जातं. आयुष्यात पहिल्यांदा आपण कशासाठी आहोत हे त्याला तिच्यापाशी सापडतं. त्याचं मन कुणी हिसकावलेलं नाही, त्याने ते आपल्या हाताने नेऊन दिलंय. बाकीच्या मुलींवर अंमल चालवावा लागतो, याच्यावर नाही. म्हणून मॅन्टिकोरला गुलाम पुष्कळ मिळतात पण साथीदार एकच. शेवटी तो तिच्यासाठी जे करतो ते मी जुलैत अंमलाखालच्या माणसाची हालचाल म्हणून वाचलं होतं. आता वाचलं तेव्हा ते प्रेम आहे हे दिसलं, आणि ते जास्त भयंकर वाटलं.

वाचनगटाला मी तसं कळवलं. माझं आधीचं म्हणणं चुकीचं होतं, सोळा पानं नसताना केलेलं होतं.

मग पुढच्या दोन कादंबऱ्या, बुगीपॉपच्या इमॅजिनेटर नावाच्या शत्रूवरचे दोन भाग, परत काढल्या. ऑगस्टमध्ये त्या घाईत वाचल्या होत्या. त्यात तोवा नावाच्या गुप्त संघटनेचा स्पूकी ई नावाचा एक जण आहे. हातातून विजेचा धक्का देऊन माणसाचा मेंदू ताब्यात घेतो. त्याच्या भागांवरून मी आताही भरभर गेले, कारण त्यात जोरजबरदस्तीशिवाय काही नाही. माझं लक्ष आसुकाई जिनवर अडलं.

आसुकाई एका खासगी क्लासमध्ये चित्रकला शिकवतो आणि मुलांना मार्गदर्शनही करतो. त्याला समोरच्याच्या छातीत एक रोप दिसतं. कुणाच्या रोपाला मूळ नाही, कुणाला पानं नाहीत, कुणाला फूल नाही. पूर्ण रोप असलेलं माणूस त्याला भेटतच नाही. मुलं त्याच्यासमोर बसतात, कुणाला आपण काय करायचं कळत नाही, कुणाला आपलं कुणी नाही असं वाटतं, आणि हा त्यांच्या छातीकडे बघून नेमकं काय कमी आहे ते जाणतो. आधी तो फक्त चार शब्द सांगू शकायचा. शाळेच्या इमारतीवरून उडी मारून जीव दिलेल्या मिनाहोशी सुइकोची, म्हणजेच इमॅजिनेटरची, गाठ पडल्यावर त्याला ते रोप दुरुस्त करण्याची ताकद येते. एकाचं काढून दुसऱ्याला जोडायचं, उणीव भरून टाकायची. ज्यांचं असं होतं ती मुलं शांत होतात. रडणं थांबतं, भांडणं थांबतात. नंतर ती त्याचीच होतात.

ऑगस्टमध्ये मी याला सरळ खलनायक म्हणून वाचलं होतं. आता तसं जमेना, कारण मी स्वतः नाशिकला एका क्लासमध्ये नववी-दहावीला गणित शिकवते. सहामाहीनंतर एक मुलगी माझ्याकडे येऊन रडली. तिला भूमिती येत नव्हती आणि घरी तोंड दाखवायची भीती वाटत होती. शेवटी डोळे पुसून म्हणाली, “मॅडम, तुम्ही सांगाल ते करते.” मला तेव्हा बरं वाटलं होतं. तिच्यासाठी आणि माझ्यासाठीही. पुस्तक हातात घेऊन बसले असताना ते बरं वाटणं परत आठवलं, आणि मी त्याच्याकडे नीट पाहिलं. ती मुलगी मला स्वतःचं काहीतरी देऊन टाकायला निघाली होती आणि मी ते घ्यायला तयार होते. पुढच्या तासाला मी तिला उत्तर न सांगता दोन रीती दाखवल्या आणि कुठली घ्यायची ते तिलाच ठरवायला लावलं. वेळ खूप लागला. पहिल्यांदा तिने चुकीची निवडली, मग स्वतःच बदलली.

ही पुस्तकं आली त्या जपानमध्ये ‘माइंड कंट्रोल’ हा शब्द लोकांच्या तोंडी होता. २० मार्च १९९५ला ओम शिनरिक्यो पंथाच्या लोकांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन हा विषारी वायू सोडला, आणि त्यात चांगली शिकलेली, विज्ञान-वैद्यकाच्या पदव्या घेतलेली मंडळी होती. अशी माणसं तिथे कशी पोचली या प्रश्नाला त्यांच्या मनावर ताबा मिळवला होता हे उत्तर सोपं पडायचं. कादोनो पंथाचं नाव कुठे घेत नाहीत. पण शाळा, क्लास आणि प्रवेश परीक्षा यांच्यात दमलेली मुलं ते समोर ठेवतात, आणि त्यांच्यापैकी कोण आपण होऊन चालत जातं ते दाखवतात. माझ्या अर्धवट प्रतीतून नेमकं हेच गळलं होतं.

काही गोष्टी अजूनही पटत नाहीत. एकोज हे पात्र परग्रहावरून आलंय हे एवढ्या चटकन उरकलंय की त्याचं वजन बसत नाही. कामिकिशिरो नाओकोचं दुःख चौथ्या प्रकरणात दोन वर्षांनंतरच्या आठवणीतून येतं, ते सुंदर आहे, पण तिला स्वतःला बोलायला आणखी जागा हवी होती. दुसऱ्या-तिसऱ्या कादंबरीत पळापळ जास्त आहे. इंग्रजी अनुवाद अँड्र्यू कनिंगहॅम यांचा, मला सरळ आणि वाचायला हलका वाटला. बुगीपॉप शिट्टीवर वाजवतो ती वाग्नरच्या ‘माइस्टरसिंगर’ या ऑपेराची सुरुवात भाचीने फोनवर ऐकवली. एवढं भारदस्त वाद्यवृंदाचं संगीत एकट्या शिट्टीवर कसं वाटत असेल, याचा मी दिवसभर विचार करत होते.

गुण द्यायचे तर जुलैत मी पाचपैकी साडेतीन दिले असते, नोव्हेंबरात रागाच्या भरात दोन. आता पुस्तकाला साडेचार. दुकानाला शून्य.

झेरॉक्सची पानं आकाराला कापून, कडेला खळीची बारीक पट्टी देऊन ११२ आणि १२९च्या मध्ये चिकटवली. कागद जाड आहे आणि बाकीच्या पानांपेक्षा पांढरा, त्यामुळे पुस्तक आता नीट मिटत नाही. टेबलावर ठेवलं की आपोआप ११३व्या पानावर उघडतं. जानेवारीत भाची ते घेऊन जाणार आहे. तोवर वर शब्दकोश ठेवून दाबून पाहतेय.