बुलडॉगची शेपटी: रोज साफ करायची की शस्त्रक्रिया करायची?

बुलडॉग बूड जमिनीवर घासायला लागला की आधी जंतांची किंवा गुदग्रंथींची (गुदद्वाराशेजारच्या दोन लहान पिशव्यांची) शंका येते. त्या तपासाव्यातच, पण शेपटी हळूच उचलून तिच्या खालीही बघा. या जातीत शेपटीचे मणके वाकडे जुळलेले असतात. त्यामुळे शेपटी स्क्रूसारखी पिळते आणि तिच्या बुडाशी कातडीची खोल खाच पडते. तिथे हवा लागत नाही, ओल टिकते आणि मग जिवाणू, यीस्ट वाढतात. आंबूस वास, तपकिरी चिकट थर, लाल कातडी आणि हात लावताच दचकणं ही त्याची लक्षणं. इंग्लिश बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग आणि बॉस्टन टेरियर यांच्या अशा शेपटीचा संबंध एका जनुकीय बदलाशी असल्याचं २०१८ मधल्या संशोधनात दिसलं. म्हणजे खाच तुमच्या हयगयीने पडलेली नाही, आणि धुऊन ती जाणारही नाही.

स्वच्छतेचा मार्ग स्वस्त आणि बिनधोक आहे, पण तो जन्मभराचा. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या वाइप्सने खाच पुसायची आणि लगेच कोरडी करायची. माझ्या मते कोरडं करणं पुसण्याहून महत्त्वाचं, आणि नेमकं तेच घाईत राहून जातं. हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा स्पिरिट लावू नका, कातडी आणखी दुखावते. टी ट्री ऑइल आणि झिंक ऑक्साइडची मलमंही नकोत, चाटली तर विषबाधा होऊ शकते. संसर्ग झालाच असेल तर पशुवैद्यांकडून नमुना तपासून औषध घ्या. जिवाणूंचं आणि यीस्टचं औषध वेगळं असतं. कुत्रा लठ्ठ असेल तर वजन उतरवल्यावर घडी थोडी उथळ होते. ॲलर्जी असेल तर तिच्यावर उपचार झाल्याशिवाय खाज पुन्हा पुन्हा येते.

शस्त्रक्रियेत पिळलेली शेपटी आणि खाचेची कातडी काढून टाकतात, म्हणजे मूळच जातं. पण चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना भूल देणं जास्त जोखमीचं असतं, म्हणून या जातींचा सराव असलेला सर्जन शोधा. जखम गुदद्वाराजवळ असल्याने तिला संसर्ग लवकर होतो. टाके निघेपर्यंत, साधारण १० ते १४ दिवस, गळ्यात कोन (जखम चाटता येऊ नये म्हणून घालायची शंकूसारखी कॉलर) ठेवावा लागतो. जवळच्या नसांना इजा होऊन शौचावरचा ताबा जाण्याची शक्यता कमी, पण हा प्रश्न सर्जनला आधीच विचारा.

मग निवड कशी करायची? वाइप गुंडाळलेलं बोट खाचेच्या तळाला टेकतं का, ते बघा. टेकत असेल आणि कुत्रा ते सहन करत असेल, तर काही आठवडे एकही दिवस न चुकवता स्वच्छता करून पाहा. शेपटी आत वळून कातडीत रुतली असेल, खाचेचा तळ बोटाला लागत नसेल, शौचाला त्रास होत असेल किंवा औषध थांबताच संसर्ग परतत असेल, तर मी शस्त्रक्रिया लांबवणार नाही. तेव्हा रोजचं पुसणं म्हणजे कुत्र्याला रोज दुखवणं असतं, आणि तळाशी घाण तशीच राहते.