टीचेबल मशीन: बांगडे, मानकुराद आणि घुमट शिकवून पाहिल्यावर

गूगलचं टीचेबल मशीन म्हणजे नमुने दाखवून संगणकाला गोष्टी ओळखायला शिकवायचं साधन. ते ब्राउझरमध्येच चालतं, फुकट आहे, लॉगिन लागत नाही आणि कोडची एक ओळही लिहावी लागत नाही. पहिलं २०१७ साली आलं, आता वापरात आहे ती २०१९ची दुसरी आवृत्ती. गोव्यातल्या फोंड्याजवळच्या एका हायस्कुलात मी गणित शिकवतो. आठवी-नववीच्या मुलांना एआयची तोंडओळख करून द्यायला गेले बरेच महिने मी हेच वापरतोय. व्याख्या आणि रोबोटची चित्रं दाखवत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण हे मुलांसमोर चुकतं आणि का चुकलं ते त्यांचं त्यांना शोधून काढता येतं.

काम सरळ आहे. डावीकडे गट करायचे, प्रत्येकाला नाव द्यायचं, फोटो भरायचे आणि 'ट्रेन' दाबायचं. आमचे पहिले गट म्हणजे दोन मासे, बांगडा आणि तारली. प्रत्येकी पन्नासेक फोटो पुरले, आणि पहिला चांगला प्रश्न तिथेच आला: एवढ्यात कसं काय शिकलं? उत्तर असं की ते कोऱ्या पाटीवर शिकत नाही. आत मोबाइलनेट नावाचं आधीच तयार झालेलं मॉडेल, म्हणजे चित्रं ओळखायला शिकलेला प्रोग्राम आहे. इमेजनेट या संग्रहातल्या १,००० प्रकारच्या, बारा लाखांहून जास्त चित्रांवरून ते कडा, पोत, आकार ओळखायला शिकलेलं आहे. आपले फोटो फक्त शेवटचा टप्पा शिकवतात: या खुणा दिसल्या तर बांगडा म्हण, त्या दिसल्या तर तारली. याला ट्रान्सफर लर्निंग म्हणतात. आठवीच्या पोरांना हे पाच मिनिटांत कळतं, मोठ्यांना थोडा जास्त वेळ लागतो.

पुढचा प्रयोग मी मुद्दाम लावतो. बांगड्यांचे सगळे फोटो स्टीलच्या ताटात, तारल्यांचे सगळे केळीच्या पानावर. मॉडेल झकास चालतं, मुलं खूश. मग नुसतं रिकामं पान कॅमेऱ्यासमोर धरायचं. पडद्यावर 'तारली'ची पट्टी शंभराच्या जवळ जाते आणि मागच्या बाकावरून आवाज येतो, "सर, हाका कांयच खबर ना!" (याला काहीच माहीत नाही!) मासा त्याने पाहिलाच नव्हता, पान पाहून काम भागत होतं. त्यानंतर कुर्ली (खेकडा) दाखवा, कंपासपेटी दाखवा, तेही बांगडा नाहीतर तारलीच. दोन गट दिलेत, तर शंभर टक्के त्या दोघांतच वाटले जाणार. 'मला माहीत नाही' म्हणायची सोय हवी तर 'यातलं काही नाही' असा तिसरा गट करून त्यात नाना वस्तूंचे फोटो भरावे लागतात, तरीही पूर्ण भरवसा नाही.

१ जून ते ३१ जुलै गोव्यात मासेमारीचे ट्रॉलर बंद. त्या दिवसांत एकीने घरून खारे बांगडे आणले. ताज्या बांगड्यांवर शिकलेलं मॉडेल पार गोंधळलं. शिकताना पाहिलेलं आणि वापरताना समोर आलेलं यांच्यात फरक पडला की काय होतं, हे त्या वासासकट मुलांच्या लक्षात राहिलं.

आंब्यांचा खेळ मात्र फसला, आणि तोच मला सर्वांत आवडला. मानकुराद, मुसराद, हापूस असे तीन गट. फोटो वाढवले, उजेड बदलला, तरी खात्रीचं उत्तर येईना. बाजारात आंबेवाली बाई देठापाशी नाक नेऊन सांगते, आणि वास फोटोत उतरत नाही. जी माहिती दिलीच नाही ती मशीन शोधणार कुठून?

'अंडर द हूड' हा कप्पा नवखे उघडत नाहीत. उघडा. आपण दिलेल्या नमुन्यांपैकी ८५ टक्क्यांवर शिकून उरलेल्या १५ टक्क्यांवर ते स्वतःची परीक्षा घेतं, आणि कुठला गट कशात मिसळला ते तक्त्यात दिसतं. पण बटण दाबून धरून वेबकॅमने फोटोंची सरबत्ती केली असेल तर सगळे फोटो जवळपास सारखेच निघतात. मग परीक्षेत पेपर आधीच फुटलेला असतो, आणि तिथले पैकीच्या पैकी गुण पाहून हुरळून जाण्यात अर्थ नाही. खरी परीक्षा म्हणजे दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या खिडकीपाशी, दुसऱ्याच बाजारातला मासा.

आवाजाचा भाग चतुर्थीच्या आधी काढला. आधी वीस सेकंद नुसता आजूबाजूचा आवाज द्यावा लागतो, पुढचे नमुने एकेका सेकंदाचे. घुमट, शामेळ (आमच्याकडची तालवाद्यं) आणि टाळी वेगवेगळी वाजवली तर बरं ओळखतं. आरतीत सगळं एकत्र वाजलं की बोंब. यामागचं मूळ मॉडेल छोटे बोललेले शब्द ओळखण्यासाठी बनलेलं आहे, तेव्हा त्याच्याकडून भजनी मंडळाची अपेक्षा ठेवू नये. शरीराच्या हालचालींचा प्रकारही आहे. आम्ही तो फारसा वापरला नाही.

पालक विचारतात, मुलांचे फोटो कुठे जातात? प्रशिक्षण आपल्याच संगणकावर, ब्राउझरमध्ये होतं. आपण ड्राइव्हवर साठवलं तरच नमुने तिकडे जातात. 'अपलोड' केलं की मॉडेल ऑनलाइन जातं आणि लिंक असलेल्या कोणालाही वापरता येतं. तरीही मी वर्गात चेहऱ्यांचे प्रकल्प करू देत नाही, मासे आणि आंबे पुष्कळ आहेत. आणि न साठवता टॅब बंद केला तर सगळं गेलं, हे पहिल्याच तासाला फळ्यावर लिहून ठेवा.

चॅटजीपीटीसारखं काही यातून बनवता येत नाही, त्या आशेने येऊ नका. चाचपडत जुळवणं, चूक मोजणं, आतले आकडे थोडे हलवणं, पुन्हा मोजणं ही शिकण्याची मूळ रीत मात्र तिथेही हीच. फक्त तिथे फोटोऐवजी मजकूर आणि गटाऐवजी पुढचा शब्द. शाळेतल्या जुन्या संगणकांवर मी ५० फेऱ्यांची (सगळे नमुने किती वेळा गिरवायचे, त्याची) मूळ सेटिंग तशीच ठेवतो आणि गट चारच्या वर जाऊ देत नाही. घरी बरा लॅपटॉप असेल तर गट वाढवून बघा, फक्त प्रत्येक गटाचे फोटो साधारण सारख्याच संख्येने भरा.