भरडा की क्रंबल? ब्रॉयलरच्या पहिल्या तीन आठवड्यांपुरतं

ब्रॉयलरची, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या कोंबड्यांची, पिल्लं यायला आठवडा उरला की हा प्रश्न डोकं वर काढतोच: खाद्य म्हणून भरडा (दळून मिसळलेलं, पिठूळ) घालायचा की क्रंबल (वाफेवर दाबून केलेल्या गोळ्या फोडून बनवलेले बारीक दाणे)? मी दोन्ही वापरून पाहिलंय. सुरुवातीच्या सगळ्या बॅच भरड्यावर काढल्या. नंतर एकाच शेडमध्ये मधोमध जाळी लावून अर्ध्या पिल्लांना भरडा, अर्ध्यांना क्रंबल असंही करून झालं. वजनांची वही नीट ठेवण्याची शिस्त माझ्यात नाही, त्यामुळे इथे लिहितोय ते डोळ्यांनी पाहिलेलं आणि हातांनी निस्तरलेलं, एवढं धरून वाचा.

आधी भरड्याच्या बाजूने बोलतो, कारण त्याला नावं ठेवणं फार सोपं आहे. भरडा मुठीत घेतला की त्यात काय आहे ते कळतं. मका किती जाड दळलाय, पेंड करपलीय का, कुबट वास येतोय का, गुठळ्या झाल्यात का, सगळं समोर असतं. क्रंबलच्या दाण्यात खराब मका गेला असेल तर तो ओळखू येत नाही. दाणा बनवताना दिलेल्या वाफेने साल्मोनेलासारखे जंतू बऱ्यापैकी कमी होतात हे खरं, पण अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष तेवढ्या उष्णतेला दाद देत नाही. शिवाय जाडसर भरड्यावरच्या पिल्लाचा गिझार्ड (दाणे दळणारं स्नायूंचं पोट) चांगला कमावला जातो. मेलेलं पिल्लू उघडून बघायची सवय असेल तर हा फरक तुम्हीही पाहिला असेल: एकाचा टणक आणि भरदार, दुसऱ्याचा लहान, मऊसर.

आणि वेग. भरडा खायला वेळ लागतो, पिल्लू थोडं कमी खातं, थोडं हळू वाढतं. हा तोटाच, पण पोटात पाणी होणं किंवा चांगलं धडधाकट पिल्लू पंख फडफडवून उताणं पडून मरणं, ही दुखणी भरभर वाढणाऱ्यांची. अंगावर मांस चढतं, पण हृदय आणि फुप्फुसं त्या वेगाला पुरी पडत नाहीत. थंडीच्या दिवसांत आणि उंचावरच्या भागात हे जास्त दिसतं. तिथे कुणी भरडाच घालत असेल तर मी त्याला वेड्यात काढणार नाही.

आता क्रंबल. पहिल्या दिवसाचं पिल्लू कागदावर पसरलेला दाणा बघतं, टोचतं, गिळतं. संध्याकाळी दहा-वीस पिल्लं उचलून क्रॉप (गळ्याखालची अन्नाची पिशवी) चाचपला की क्रंबलवरची भरलेली आणि मऊ लागतात. भरड्यावरची काही भरलेली, काही अर्धवट आणि एखाद-दुसरं रिकामं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोपऱ्यात मान टाकून बसणारी पिल्लं पुष्कळदा याच रिकाम्यांपैकी निघतात. (ढुंगणाला विष्ठा चिकटली की लोक लगेच खाद्याला दोष देतात. पहिल्या चार-पाच दिवसांत मी आधी ब्रूडरचं, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या साधनाचं, तापमान बघतो. बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो.)

भरड्याची दुसरी खोड निवडून खाण्याची. कोंबडीला जाड कण आवडतात. मक्याचे तुकडे आधी संपतात आणि फीडरच्या तळाशी पिठूळ चुरा राहतो. जीवनसत्त्वं आणि खनिजं असतात त्या चुऱ्यातच. आपण काय करतो? फीडर रिकामा दिसत नाही म्हणून वरून आणखी ओततो. पिल्लू पुन्हा मकाच खातं. मग तिसऱ्या आठवड्यात पाय वाकडे, बोटं आत वळलेली, चालताना लंगडणारी काही पिल्लं दिसू लागली की आपण जीवनसत्त्वाची बाटली शोधत सुटतो. बोटं आत वळणं हे बी-2 कमी पडल्याचं ओळखीचं लक्षण. पाय वाकडे होण्याला इतरही कारणं असतात, त्यामुळे खापर एकट्या भरड्यावर फोडत नाही. पण माझ्या जाळीच्या एका बाजूला अशी पिल्लं जास्त होती, आणि ती बाजू कुठली हे सांगायची गरज नाही. यावर उपाय आहे: दिवसातून एकदा फीडर पूर्ण संपू द्यायचा, मगच नवीन घालायचं. हे मी पाळलंही. तेवढ्यावर भागलं असतं तर आजही भरडाच घालत असतो.

भागलं नाही ते पाण्याच्या भांड्यांमुळे.

भरडा खाणाऱ्या पिल्लाच्या चोचीला पीठ चिकटतं. तोंड कोरडं पडतं, ते पाण्याकडे धावतं, चोच बुडवतं आणि पीठ पाण्यात सोडून येतं. परत खातं, परत येतं. पिल्लू जेवढं खातं त्याच्या दीडपट ते दुप्पट पाणी पितं, म्हणजे या फेऱ्या किती होत असतील याचा हिशोब तुम्हीच करा. ब्रूडरखालच्या उबेत त्या पिठाची दुपारपर्यंत लापशी होते, संध्याकाळपर्यंत बुळबुळीत थर. मी सकाळी घासायचो, दुपारी घासायचो, रात्री झोपायच्या आधी पुन्हा. बोटांना येणारा तो आंबूस वास साबणाने जात नाही. पाण्यात क्लोरीन टाकत होतो, पण असला गाळ क्लोरीन खाऊन टाकतो आणि जंतूंसाठी काही उरत नाही. लसीच्या दिवशी तर जीव टांगणीला. पाण्यातून लस द्यायची आणि पहिल्या दहा मिनिटांत भांड्यात पीठ तरंगायला लागायचं.

एवढं कष्टाचं म्हणून सोडून देता आलं असतं. पण गाळामुळे पिल्लं पाणी उडवतात, भांडं पुसताना-हलवताना सांडतं, भांड्याभोवतीचं लिटर (शेडमध्ये खाली अंथरलेला भुसा) ओलं होतं. ओल्या, उबदार लिटरमध्ये कॉक्सीची (आतड्यात रोग करणाऱ्या परजीवीची) अंडी एक-दोन दिवसांत रोग पसरवण्याजोगी तयार होतात. मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पिसं फुगवून बसलेली पिल्लं, तांबूस विष्ठा, आणि खाद्यात औषध असूनही ही रक्ती हगवण आली कशी म्हणून आपलीच चिडचिड. त्याच ओल्या पट्ट्यातून अमोनिया उठतो. शेडमध्ये शिरल्यावर आपल्या डोळ्यांना झोंबतोय म्हणजे वीतभर उंचीवरच्या पिल्लाचं काय होत असेल! तळपाय जळतात, श्वासनलिका सुजते आणि मागून ई. कोलाय शिरतो. हे सगळं चोचीवरच्या चिमूटभर पिठापासून सुरू होतं असं म्हणणं जरा ताणलेलं वाटेल, मान्य आहे. पण माझ्या शेडमध्ये जाळीच्या ज्या बाजूला क्रंबल होतं तिथली भांडी मी दिवसातून एकदा धुवायचो आणि तिथलं लिटर मुठीत दाबलं तर भुगा होऊन पडायचं. दुसऱ्या बाजूचं गोळा होऊन राहायचं.

भांड्यांऐवजी निप्पल (चोच लावली की थेंब थेंब पाणी देणाऱ्या तोट्या) असतील तर भरड्याचा हा त्रास बराच कमी होतो. तिथे माझा कौल एवढा ठाम नाही. निप्पलखाली कप असतील तर मात्र कपातही तोच गाळ बसतो. स्वतः मका-पेंड आणून मिसळणाऱ्याला भरड्याशिवाय पर्याय नसतो. त्याने फार बारीक दळू नये आणि थोडं तेल मिसळावं; पीठ उडणं आणि कण वेगळे होणं दोन्ही कमी होतं. हळू वाढणारे रंगीत पक्षी असतील तर भरडा चालून जातो.

बाकी ब्रॉयलरचं एक दिवसाचं पिल्लू आणि साधी भांडी, असा मामला असेल तर निदान पहिले दोन-तीन आठवडे मी क्रंबलच घेईन. त्याचा वेग अंगावर येऊ शकतो, म्हणून पहिल्या आठवड्यानंतर रात्री सलग सहा तास दिवे बंद ठेवतो. अंधारात खाणं थांबतं, वाढीला जरा लगाम बसतो, पायांना आणि हृदयाला उसंत मिळते. दिवे बंद करायला सुरुवात केल्यापासून उताणी पडून मरणारी पिल्लं कमी झाली, असं मला तरी दिसलं. क्रंबल महाग पडतं हे खरंय. फीडर पाठीच्या उंचीला ठेवून सांडणं वाचवलं की त्यातलं थोडं भरून निघतं.

आणि पोत्याचा तळ फीडरमध्ये ओतू नका. वाहतुकीत क्रंबलचा चुरा होतो आणि सगळा खाली बसतो. मी तो चाळून बाजूला ठेवतो आणि मोठ्या पक्ष्यांना घालतो. चाळण्याचा कंटाळा केला त्या दिवशी संध्याकाळी भांड्यात बोट फिरवलं, तर तीच ओळखीची बुळबुळ.