अर्ध्या लिटरची ऑइल गन आणि कॅम्परचा गिअरबॉक्स

गिअरबॉक्समधलं जुनं ऑइल काढायला योग्य मापाचा पाना आणि एक घमेलं पुरतं. घोडं अडतं ते नवं भरताना. फिलर प्लग, म्हणजे ऑइल भरायच्या भोकाचं बूच, बाजूला असतो आणि फोर्स ट्रॅव्हलर व्हॅनच्या चॅसीवर बांधलेल्या कॅम्परमध्ये, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीत, बऱ्याचदा त्याच्याच आसपास पाण्याची टाकी लटकवलेली असते. मग डबा तिरका करायलाही वीतभर जागा उरत नाही. यावर बाजारातला सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे ५०० मिलीची हातगन: पत्र्याचं नळकांडं, आत दट्ट्या, पुढे रबरी नळी. नाशिकमध्ये द्वारका भागातल्या ऑटो पार्ट्सच्या दुकानांत किंवा सातपूर-अंबडच्या हार्डवेअरवाल्यांकडे विचारा, हजाराच्या आत काम होतं.

घेताना दुकानातच एक परीक्षा करा. नळीचं तोंड अंगठ्याने बंद करून दांडा ओढा आणि सोडा. झटक्याने आत गेला तर दट्ट्याचा वॉशर चांगला. सावकाश गेला किंवा ओढलेल्या जागीच राहिला, तर हवा खातोय, परत द्या. चामड्याचा वॉशर असेल तर वापरण्याआधी रात्रभर ऑइलमध्ये भिजवावा लागतो. रबरी वॉशरला ती कटकट नाही, पण तो सुटा मिळतो का ते आधीच विचारा, कारण पहिला तोच जातो.

पेटीवर ५०० मिली लिहिलेलं असलं तरी एका खेपेला ४०० ते ४५० मिलीच धरा. ऑइल घट्ट असतं आणि दांडा घाईने ओढला की मागे पोकळी होऊन हवा शिरते. डिसेंबरच्या नाशिकच्या सकाळी ९० नंबरचं (घट्टपणाचा आकडा) गिअर ऑइल काकवीसारखं ओढतं. कॅन तासभर उन्हात ठेवला की निम्मा त्रास वाचतो. गनची सर्वांत मोठी खोट मात्र नळीच्या जोडात आहे. जोर दिला की नळी निसटते आणि ऑइल थेट तोंडावर. तिथे स्टीलची क्लिप लावा आणि चष्मा घाला. सोबतची नळी आखूडही असते, अर्धा मीटरची पारदर्शक नळी बदलून घ्या.

आता काम. गाडी १५-२० मिनिटं चालवून ऑइल कोमट करा, मग सपाट जमिनीवर उभी करा. अंगणाच्या उतारावर लेव्हल चुकते. चाकांना पुढे-मागे ठोकळे लावा. उचलायचीच असेल तर चारही बाजू सारख्या उचलून जॅकस्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवरच्या तीन-साडेतीन टनांखाली शिरू नये. आणि सगळ्यांत आधी फिलर प्लग सोडवा. ड्रेन प्लग (ऑइल काढायचं खालचं बूच) आधी उघडून जुनं सांडलं आणि फिलर जाम निघाला, तर गाडी जागेवरच अडकली.

ड्रेन प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावरची करडी लुगदी नेहमीची. कपच्या किंवा दाताचा तुकडा दिसला तर काम थांबवा. ऑइलात सोनेरी चमक असेल तर सिंक्रोनायझरचं (गिअर बदलताना दातांचा वेग जुळवणाऱ्या कड्यांचं) पितळ झिजतंय. दुधट रंग म्हणजे पाणी शिरलंय, बहुधा पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यातून. जुनं ऑइल मापाच्या डब्यात मोजा, पण ते प्रमाण मानू नका. गळती असेल तर आधीच कमी असतं. आकडा मॅन्युअलमधलाच घ्या.

प्लगखालचा वॉशर नवाच टाका. प्लग निमुळत्या आट्यांचा असेल तर वॉशर लागत नाही. ॲल्युमिनियमच्या आवरणात जास्त आवळलं की आटे जातात, म्हणून टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना. मग गनने भरत जा. बहुतेक मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये फिलरच्या तोंडातून बारीक धार आली की लेव्हल झाली. पाच-दहा मिनिटं थांबा, धार तुटली की प्लग लावा. ‘थोडं जास्त असू दे’ हा हिशेब इथे महागात पडतो: दाब वाढतो, सील सुटतं आणि ऑइल क्लच प्लेटवर जातं. ब्रीदर (गिअरबॉक्समधली हवा बाहेर सोडणारं छिद्र) धुळीने बुजला तरी हेच होतं, खाली शिरलाच आहात तर तोही पुसा.

एक गन गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलला (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरपेटीला) आलटून-पालटून वापरू नका. मॅन्युअलमध्ये गिअरबॉक्सला जीएल-४ (गिअर ऑइलचा दर्जा) लिहिलं असेल तर जीएल-५ नको. त्यातली जादा रसायनं पितळाला लागू शकतात आणि सिंक्रोनायझरला हवं ते घर्षणही मिळत नाही, मग गिअर खरखरतो. डिफरन्शियलच्या हायपॉइड (एकमेकांवर घासत फिरणाऱ्या तिरक्या) दातांना मात्र जीएल-५च लागतं. दोन गन घेऊन रंगाची खूण केली की प्रश्न मिटला. ऑटोमॅटिक मोटरहोमचा हिशेब वेगळा. तिथे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) डिपस्टिक असेल तर तिच्या नळीतून फनेलने भरतात आणि लेव्हल कंपनीने सांगितलेल्या तापमानाला बघतात.

तरीही गन नको वाटली तर बॉनेटमधून फिलरपर्यंत लांब नळी सोडून वर फनेल लावा. काम होतं, पण अर्धा दिवस जातो. निघालेलं ऑइल गटारात म्हणजे शेवटी गोदावरीत. कॅनमध्ये बंद करून परवानाधारक पुनर्वापरवाल्याला देणाऱ्या गॅरेजकडे द्या. पुढची घाटाची फेरी, कसारा असो की सापुतारा, झाल्यावर रात्रभर दोन्ही प्लगखाली कोरा पुठ्ठा ठेवा आणि सकाळी त्यावरचे डाग बघा.