मांजराचे दात: वेळ कमी असेल तर ब्रश की ट्रीट?

मांजराचे दात रोज घासावेत, हे पाळणाऱ्याला ठाऊक असतं. अडतं ते वेळेपाशी. म्हणून नोकरी सांभाळणारा माणूस साहजिकच दात साफ करणाऱ्या ट्रीटकडे वळतो. घरी एक मांजरी आणि एक बोका असल्यामुळे मी दोन्ही मार्ग वापरून पाहिले आहेत, आणि माझा कल आता एका बाजूला झुकला आहे.

तिसरा मार्ग म्हणजे दात साफ राहण्यासाठी पिण्याच्या पाण्यात टाकायचं औषध. त्याबद्दल थोडक्यात सांगतो. त्याला मेहनत सगळ्यात कमी लागते. पण मांजरं मुळातच पाणी बेताचं पितात आणि चव बदललेली त्यांना लगेच कळते. आमची मनी भांड्यापाशी जायची, हुंगायची आणि मागे फिरायची. मूत्रपिंडाचा किंवा लघवीचा त्रास असलेल्या मांजराच्या बाबतीत मी तरी हा प्रयोग करणार नाही. तुमचं मांजर कुरकुर न करता पीत असेल, तर गोष्ट वेगळी.

आता ट्रीट. यांची कल्पना चांगली आहे, आणि काही ट्रीटवर व्हेटरनरी ओरल हेल्थ कौन्सिल या, प्राण्यांच्या दातांसाठीची उत्पादनं पारखणाऱ्या संस्थेचा शिक्काही असतो. चाचणीत कीटण किंवा प्लाक (दातांवर धरणारा मऊ, चिकट थर) कमी झाल्याचं दिसलं तरच तो मिळतो. साधं ड्राय फूड दात लागताच फुटतं, त्यामुळे त्याने दात साफ होतात हा समज खरा नाही. दातांसाठी बनवलेला दाणा मोठा असतो, दात आत रुतेपर्यंत टिकतो आणि दाताची बाजू घासत जातो. पण यासाठी मांजराने तो चावायला हवा.

इथेच माझं घोडं अडलं. आमचा बोका ट्रीट चावतच नाही. तुकडा जमिनीवर पडला की जिभेने उचलतो, मान एकदा वर झटकतो, आणि संपलं. दाताचा आवाजसुद्धा येत नाही. एकदा जेवणानंतर त्याला उलटी झाली, त्यात ट्रीट जशाच्या तशा होत्या, फुगलेल्या, पण एकाही तुकड्याची कड मोडलेली नव्हती. मोठ्या आकाराच्या आणल्या, तर त्या मधोमध तोडून अर्धे अर्धे तुकडे गिळले. मनी चावते, अगदी मान वाकडी करून, मागच्या दाढेत धरून. पण जवळ बसून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की ती बहुतेक वेळा उजव्या बाजूनेच चावते. म्हणजे डाव्या दाढा आणि सुळे कोरडेच. (मांजर अचानक एकाच बाजूने खायला लागलं तर ते दुखण्याचंही लक्षण असू शकतं, म्हणून मी तिला दाखवून आणलं. तिच्या बाबतीत ती सवयच निघाली.) दात साफ होताहेत असं मला वाटत राहावं आणि प्रत्यक्षात फक्त पोट भरावं, हे मला मनापासून खटकलं. शिवाय ४ किलोच्या, घरातच राहणाऱ्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० उष्मांक लागतात, आणि ट्रीटचा वाटा त्याच्या १० टक्क्यांच्या आत ठेवायला सांगतात. पाकिटावर लिहिलेले रोजचे तुकडे मोजले, तर बाकीचं खाणं कमी करावं लागतं.

ब्रशबद्दल लोक घाबरतात ते तोंड उघडावं लागेल म्हणून. तसं काही लागत नाही. मांजराला आपल्याकडे पाठ करून मांडीवर घ्यायचं, हात डोक्यावरून आणून अंगठ्याने ओठाची कड वर करायची आणि दातांची फक्त बाहेरची बाजू घासायची. आतल्या बाजूला जीभ फिरत असते. कीटण सगळ्यात जास्त धरतं ते वरच्या दाढांच्या बाहेरच्या अंगावर, कारण तिथेच लाळेची नळी उघडते. ब्रश हिरडीच्या रेषेवर थोडा तिरका धरायचा. सवय झाली की दोन्ही बाजू मिळून चहा उकळेपर्यंत होतं. मी ते रात्रीच्या जेवणाच्या अगदी आधी करतो. भूक लागलेली असते आणि पुढे जेवण आहे हे दोघांना माहीत असतं, त्यामुळे ओढाताण कमी होते.

सुरुवातीचे काही आठवडे मात्र धीर लागतो, हे मान्य. आधी नुसती पेस्ट बोटावरून चाटू द्यायची, मग बोट ओठाखाली, मग ब्रश. पेस्ट मांजरांचीच हवी. मांजर थुंकत नाही, सगळं गिळतं, त्यामुळे आपली फ्लोराइडवाली, फेस होणारी पेस्ट चालत नाही. बोटात घालायचे रबरी ब्रश मला जाड वाटले, दाढेपर्यंत नीट पोचत नाहीत. लहान डोक्याचा मऊ ब्रश बरा.

रोज जमलं नाही तर? प्लाकचं कडक कीटण व्हायला दोन-तीन दिवस पुरतात, म्हणून दिवसाआड घासलं तरी उपयोग होतो. फक्त रविवारी घासून मात्र फारसं काही साधत नाही. ब्रशचा मला आवडलेला आणखी एक फायदा म्हणजे ओठ वर केला की हिरडी दिसते. मनीच्या एका दाढेवरची लाल रेघ मला अशीच दिसली, तेव्हा ती अगदी नेहमीसारखी जेवत होती. मांजर दुखणं लपवतं, त्यामुळे नुसत्या खाण्यावरून दर वेळी कळतंच असं नाही.

तरी एक मर्यादा आहे. बसलेलं कीटण ब्रशने निघत नाही, त्याला भूल देऊन साफसफाईच लागते. भूल न देता खरवडलं तर वरवर पांढरं दिसतं, हिरडीखालचं तसंच राहतं. दात हळूहळू विरघळत जाण्याचा जो आजार मांजरांत बराच आढळतो, तोही ब्रशने थांबत नाही. तो एक्स-रेतच नीट दिसतो. त्यामुळे वर्षातून एकदा तपासणी दोन्ही मार्गांना लागतेच. हिरड्या आधीच सुजलेल्या असतील तर ब्रश दुखतो, आणि एकदा दुखला की मांजर तो पुन्हा जवळ येऊ देत नाही. अशा वेळी आधी उपचार, मग ब्रश.

तुमची कामाची वेळ रोज बदलत असेल किंवा मांजर हात लावू देत नसेल, तर ट्रीट घ्या, काहीच न करण्यापेक्षा त्या नक्की बऱ्या. फक्त पहिलं पाकीट संपेपर्यंत समोर बसून ऐका. कर्र असा आवाज दोन्ही बाजूंनी येत असेल, तर तुमच्या मांजराला त्या लागू पडतील. आवाज आला नाही, तर पुढचं पाकीट आणण्याऐवजी ब्रश आणा.